मेलेल्यानं लावलेलं फाटक

क्लिफर्ड संटरचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. पन्नास वर्षं तो स्कारबेकच्या डोंगरावर गडगे रचत होता. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. दिवसाला तीन मीटर गडगा व्हायचा. कुणी चार मीटर सांगितला तर तो खोटं बोलतोय किंवा मधे माती भरतोय, असं क्लिफर्डचं म्हणणं होतं. हातात घेतलेला दगड परत खाली ठेवायचा नाही, त्याची जागा शोधायची, हा त्याचा पहिला नियम. दुसरा नियम डोंगरावरच्या सगळ्यांचाच होता. फाटकातून गेलास की फाटक लाव.

गुडघे गेल्यावर काम सुटलं, पावणेपाच सुटले नाहीत. उठून चहा करायचा, आणि उजाडेपर्यंत काय करायचं या विचारात तो प्यायचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी लॉर्ना त्याच गल्लीत चार घरं पलीकडे राहायची. वय एक्केचाळीस, काम टपाल वाटायचं. सकाळी लाल जाकीट घालून गाडी काढायची आणि दुपारी परत. तिच्या आयुष्यात दोन गोष्टींत वशिला चालत नसे. एक पत्ता, दुसरी ‘गवताखालचे’ नावाची कादंबरी.

ही कादंबरी झोंबींची होती. मेलेली माणसं थडग्यातून उठतात आणि डोंगर उतरून गावात शिरतात. लॉर्नानं ती अकरा वेळा वाचली होती. ती वाचणाऱ्यांचा फोनवर एक गट होता, चार हजार लोकांचा, आणि लॉर्ना त्याची कारभारीण. तिथं तिचं नाव ‘टपालवाली’ आणि गटाचं नाव ‘पान एकसष्ट’. कारण त्या पानावर मुळातली गोष्ट लिहिली होती. मेलेल्यांना काही आठवत नाही. दार नाही, भाकरी नाही, आई नाही. म्हणूनच त्यांची भीती वाटते.

या कादंबरीवर सिनेमा निघाला, आणि त्यातला डोंगर म्हणून सिनेमावाल्यांनी स्कारबेक पसंत केलं. मेलेले म्हणून गावातली चाळीस माणसं हवी होती. लॉर्नाला रजा मिळेना. तिनं बापाला न विचारता बापाचं नाव दिलं.

“मी?” क्लिफर्ड म्हणाला. “मला नाटकातलं काय कळतं?”

“नाटक नाहीये बाबा. तुला काहीच करायचं नाही. तू मेलेला आहेस.”

“काहीच करायचं नाही, आणि त्याची मजुरी देणार?”

“तीन दिवसांची. वर दुपारचं जेवण.”

क्लिफर्डला ते पटलं नाही. काही न करण्याची मजुरी त्यानं जन्मात घेतली नव्हती. पण लॉर्ना म्हणाली, “माझ्या पुस्तकात आपल्या घरातलं कुणीतरी असू दे ना,” आणि मग तो तयार झाला. शिवाय बाजाराच्या गावी एका दुकानाच्या काचेत एक खुर्ची होती. बटण दाबलं की ती माणसाला हळूच उभं करायची. लॉर्नाचा त्या खुर्चीवर कधीपासून डोळा होता, बापाच्या गुडघ्यांसाठी. तीन दिवसांची मजुरी खुर्चीला पुरली नसती, पण निम्म्याच्या वर रस्ता कटला असता.

सप्टेंबरात तीन दिवस काम चाललं. पहाटे चारला तोंडाला राखाडी रंग. मग एक बाई सगळ्यांना मेल्यासारखं चालायला शिकवायची. “मन रिकामं करा. हात लोंबू द्या. तुम्हाला काहीही माहीत नाही.” बाकीचे हसत होते. क्लिफर्डनं ते मनावर घेतलं. रात्री घरी ओट्यासमोर हात लोंबवून तो उभा राहिला आणि किटली उकळेपर्यंत काहीही माहीत नसल्याचा सराव केला.

तीन दिवसांत तो डोंगर एकतीस वेळा उतरला. मधे मधे बाकीचे मेलेले तंबूत चहाला जायचे. क्लिफर्ड जागेवर उभा. मजुरी घेतली तर उभं तरी राहायला हवं.

तिसऱ्या दिवशी शेवटचा खेळ होता. सगळे मेलेले वरच्या शेतातून फाटकातून खाली येतात, कॅमेरा लांब. सर्वांत शेवटी क्लिफर्ड. इमोजेन नावाची दिग्दर्शिका ओरडली, “झालं, फार छान!” आणि सगळे घरी गेले. त्यात काही चुकलंय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. क्लिफर्डच्या तर नाहीच.

ऑक्टोबरात एका गुरुवारी दुपारी ट्रेलर आला. पाच वाजता पबातल्या मोठ्या टीव्हीवर अर्धं गाव तो बघायला बसलं. क्लिफर्डला पुढची खुर्ची दिली. शेजारी सेप हार्कर. ज्या शेतात मेलेले चालले होते ते शेत आणि त्यातली मेंढरं सेपची. दोघं एका वर्गात होते आणि साठ वर्षांत एकमेकांशी गोड बोललेले कुणी ऐकले नव्हते.

ट्रेलर दीड मिनिटाचा होता. धुकं, घंटा, कुणी तरुणी धावतेय. मग डोंगर. मेलेले लोंबत्या हातांनी फाटकातून खाली येतायत. शेवटचा तपकिरी कोटातला मेलेला फाटकातून आला, थांबला, मागे वळला, फाटक ओढलं, कडी घातली, कडी बसली का ते हलवून पाहिलं, आणि परत हात लोंबवून माणसं खायला निघाला.

पबात टाळ्या पडल्या.

“अरे क्लिफ, लेका!” सेप ओरडला. “मेल्यावर तरी माणसात आलास! साठ वर्षांत माझं फाटक कुणी इतकं नीट लावलं नाही.”

“लावायलाच हवं ना,” मागून कुणी म्हणालं. “वर मेंढ्या आहेत.”

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. स्कारबेकमध्ये ती मेल्यावरही जात नाही एवढाच फरक.

“लोक काय म्हणतायत ते बघू,” सेप म्हणाला. त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि फोनवरच्या प्रतिक्रिया मोठ्यानं वाचायला लागला. “हा ‘थंडगार कीथ’ म्हणून कुणी आहे. म्हणतो, ‘सिनेमा संपला. चौसष्टाव्या सेकंदाला मेलेला फाटक लावतो. यांनी पुस्तक उघडलंय तरी का?’ ही दुसरी बघ. ‘माझे आजोबा असेच होते. रडू आलं.’ हा म्हणतो, ‘तो नायिकेचा बाप आहे. त्याला सगळं आठवतंय. शेवटी औषध सापडणार, लिहून ठेवा.’”

“मी कुणाचा बाप?” क्लिफर्डनं विचारलं.

“नायिकेचा. गप्प बस, अजून आहे. ‘ज्यानं फाटक लावलं त्याला बक्षीस द्या.’ ‘ज्यानं फाटक लावलं त्याला हाकला.’ आणि ही सगळ्यांत वर आहे, नऊशे लोकांना पटलीय. ‘पान एकसष्टवर थुंकलेत तुम्ही. हा तपकिरी कोटातला ठोंब्या कोण आहे? मेल्याचं सोंग आणता येत नसेल तर खरंच मरून दाखव म्हणावं.’ लिहिणारी…” सेप थांबला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “लिहिणारी ‘टपालवाली’.”

गावात टपालवाली एकच होती.

आणि तेवढ्यात दार उघडून लॉर्ना आत आली. अंगात अजून लाल जाकीट. तिचा चेहरा मेकअप न करता राखाडी झाला होता.

“बाबा,” ती म्हणाली, “मी दुपारी गाडीत बसून पाहिलं. छोट्या फोनवर. तू होतास हे दिसलंच नाही. आत्ता थांबवून पाहिलं. तुझा कान दिसला.”

क्लिफर्डनं पेला खाली ठेवला. “ठोंब्या म्हणजे मीच ना?”

“हो.”

“नऊशे लोकांना पटलंय म्हणतात.”

“आता अकराशे,” सेप म्हणाला.

त्या आठवड्यात जगात दोन तट पडले. फाटकवाले आणि पुस्तकवाले. फाटकवाल्यांनी क्लिफर्डचं चित्र बनियनवर छापलं. पुस्तकवाल्यांनी सिनेमा कंपनीला पत्र लिहायचं ठरवलं, आणि पत्र कुणी लिहावं यावर एकमत झालं. टपालवालीनं. लॉर्ना दोन दिवस जेवली नाही. मग तिनं लिहिलं. बापाविषयी अवाक्षर नाही, फक्त पान एकसष्ट. गटातल्या आणि गटाबाहेरच्या मिळून सात हजार लोकांनी खाली सह्या केल्या.

ते पत्र तिनं पाठवण्याआधी क्लिफर्डला वाचून दाखवलं.

“चांगलं लिहिलंयस,” तो म्हणाला. “पण त्या पुस्तकात मेंढ्या आहेत का?”

“नाहीत.”

“मग लिहिणाऱ्याला काय जातंय.”

“बाबा, मुद्दा तो नाही. त्यांना काहीच आठवत नाही हाच मुद्दा आहे. तू कडी हलवून बघितलीस!”

“नुसती घातलेली कडी म्हणजे न घातलेली कडी.”

लॉर्नानं डोकं धरलं. क्लिफर्डनं तिच्यापुढे केक सरकवला, वर तिकडच्या रीतीप्रमाणे चीजचा तुकडा. ती लहानपणी रुसली की तो हेच करायचा.

“आई गेली तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचलं,” लॉर्ना केककडे बघत म्हणाली. “तेवढं एकच खरं वाटलं होतं त्या महिन्यात. त्यात कुणी खोटं समाधान करत नाही.”

क्लिफर्डनं बराच वेळ चहा ढवळला. त्यात साखर नव्हती. “तो खेळ परत घ्यायला बोलावलं तर फाटक उघडं ठेवीन,” तो म्हणाला. “एकदा. तुझ्यासाठी.”

कंपनीनं बोलावलं. नोव्हेंबरात, दोन दिवस, एकट्या क्लिफर्डला. गटात बातमी गेली आणि पुस्तकवाल्यांनी दिवाळी केली म्हणायला हरकत नाही. मेलेला तपकिरी कोट फाटक उघडं टाकून जाणार आहे, टपालवालीनं जिंकून दाखवलं. आता सगळं एका माणसाच्या उजव्या हातावर येऊन ठेपलं होतं.

पण नोव्हेंबर म्हणजे मेंढ्यांमध्ये एडके, म्हणजे नर, सोडायचा महिना. वरच्या शेतात एका एडक्याच्या छातीला लाल रंग फासलेला, त्याच्यासोबत साठ मेंढ्या. खालच्या शेतात निळ्या रंगाचा, त्याच्यासोबत सत्तर. मेंढीच्या पाठीला लागलेला रंग बघून कळतं कोणती मेंढी कुणाकडे गेली. मधे फक्त ते फाटक. दोघे एकत्र आले तर आधी डोकी फुटणार, आणि मग वसंतात कोकरू कुणाचं ते देवालाच ठाऊक. वर्ष वाया.

“काळजी करू नका क्लिफर्ड,” इमोजेन म्हणाली. ती लंडनची होती, पण मनाची चांगली. “मेंढ्या टेकडीपलीकडे नेल्यात. मिस्टर हार्करनी शब्द दिलाय.”

“किती वेळ तिकडे राहतील?”

सेप गडग्याला टेकून उभा होता. “दहा मिनिटं तरी येत नाहीत,” तो म्हणाला.

“मेंढीला घड्याळ कळतं का, सेप?”

“तुझ्यापेक्षा बरं कळतं. चाल मेल्या, उजेड चाललाय.”

पहिल्या खेपेला क्लिफर्ड फाटकातून आला आणि त्याचा हात मागे गेला. फाटक लागलं. त्यालाच ते कडीचा आवाज आल्यावर कळलं.

दुसऱ्या खेपेला त्यानं मुठी आवळल्या. फाटक पार केलं. चार पावलं गेला, पाच गेला, सहाव्याला थांबला, परत आला, लावलं.

“मेलेले परत येत नाहीत,” इमोजेन म्हणाली.

“ते तर आलेलेच असतात ना?” सेपनं विचारलं. त्याला गप्प बसायला सांगण्यात आलं.

तिसऱ्या खेपेला क्लिफर्डनंच सांगितलं, हात बांधा. कोटाच्या आतून सुतळीनं दोन्ही हात कमरेला बांधले. तो फाटकातून आला आणि डाव्या टाचेनं ते मागे ढकललं. पन्नास वर्षं दोन्ही हातांत दगड घेऊन जाणारा माणूस फाटक टाचेनंच लावतो.

चौथ्या खेपेला हात सोडले आणि फाटक तारेनं गडग्याला जखडून टाकलं. आता लावायची सोयच नव्हती. क्लिफर्ड सरळ चालत गेला. सगळ्यांनी श्वास सोडला. मग इमोजेननं पडद्यावर पाहिलं. मेलेला तीन वेळा खांद्यावरून मागे टेकडीकडे बघत होता, आणि कपाळावर आठी होती.

“क्लिफर्ड,” ती हळूच म्हणाली, “मेलेल्याला काळजी नसते.”

“माहीत आहे.” आयुष्यात त्यानं काम अर्धं सोडलं नव्हतं, आणि हे तर काही न करण्याचं काम. गुडघे दुखत होते. “मी प्रयत्न करतोय बाई. चार वेळा केला. मला येत नाही ते.”

लॉर्ना टपाल संपवून तशीच आली होती आणि गाड्यांमागून बघत होती. सात हजार सह्या तिच्या खिशातल्या फोनमध्ये होत्या. फोन सारखा थरथरत होता. झालं का? झालं का? तिनं तो बंद केला. मग कुणाला न विचारता गडग्याला वळसा घालून गेली आणि फाटकाच्या खांबामागे, दगडांच्या आडोशाला, चिखलात उकिडवी बसली.

“बाबा,” तिनं खालून हाक मारली.

क्लिफर्डनं वाकून पाहिलं. “तू तिथं काय करतेस? ओलं आहे ते.”

“मी इथंच आहे. तू गेलास की मी लावते. कडी हलवून बघते. तू जा.”

क्लिफर्डनं तिच्याकडे पाहिलं, टेकडीकडे पाहिलं. “दोनदा हलव. वरची कडी सैल आहे.”

“दोनदा.”

पाचव्या खेपेला तार सोडली. क्लिफर्ड संटर फाटकातून आला आणि गेला. हात लोंबत होते, मान लोंबत होती, डोळ्यांत काही नव्हतं. त्याला काही माहीत नव्हतं. माहीत असायची गरजच उरली नव्हती. इमोजेनच्या अंगावर काटा आला. सेप हार्कर साठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याविषयी काही वाईट बोलला नाही.

मागे टेकडीवर लाल छातीच्या एडक्याचं डोकं वर आलं. लॉर्नानं हात बाहेर काढून फाटक ओढलं. दोनदा कडी हलवली. कॅमेरा अजून चालूच होता.

जानेवारीत दुसरा ट्रेलर आला. मेलेला येतो, जातो, मागे वळत नाही. फाटक उघडं. पुस्तकवाल्यांनी जल्लोषाला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. करड्या धुक्यात, करड्या गडग्याआडून एक लाल बाही बाहेर आली, फाटक ओढून घेतलं, कडी दोनदा हलवली आणि नाहीशी झाली. इमोजेननं ते कापलंच नव्हतं. इतकं भीतिदायक आपल्याला सुचलं नसतं, असं तिचं म्हणणं.

गटात आग लागली. “लाल बाही कुणाची?” “पुस्तकात लाल बाही नाही!” “ती मेलेल्यांची राणी आहे.” “माझं सहा महिन्यांचं बाळ त्या कडीला घाबरलं.” थंडगार कीथनं लिहिलं, “टपालवाली, तू काही बोलत का नाहीस?”

लॉर्ना क्लिफर्डच्या स्वयंपाकघरात बसून टाइप करत होती. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा पुसलं. मग पाठवलं आणि फोन बापापुढे सरकवला. क्लिफर्डनं वाचलं.

“ती बाही माझी. तपकिरी कोट माझे वडील. पलीकडे एकशेतीस मेंढ्या होत्या. पान एकसष्टवर मेंढ्यांबद्दल काहीही लिहिलेलं नाही.”

“ठोंब्याबद्दलही लिही काहीतरी,” क्लिफर्ड म्हणाला.

तिनं खाली जोडलं, “आणि ठोंब्या मी होते.”

थंडगार कीथ अर्ध्या तासात गट सोडून गेला. संध्याकाळी परत आला.

गोष्ट इथं संपली असती, पण एप्रिल आला. मेंढ्या व्यायल्या आणि चाहते यायला लागले. लांबलांबून गाड्या घेऊन. फाटकवाले यायचे, मेल्यासारखे चालायचे, फाटक लावताना स्वतःचं चित्र घ्यायचे, कडी हलवायचे. त्यांचा काही त्रास नव्हता. त्रास पुस्तकवाल्यांचा. ते मेल्यासारखे चालायचे, फाटक उघडं टाकायचे, मागे वळून बघायचे नाहीत, आणि तत्त्वाचे पक्के असल्यामुळे तसेच गाडीत बसून घरी जायचे. एका रविवारी सेपच्या चौदा मेंढ्या आणि बावीस कोकरं चर्चमध्ये सापडली. ईस्टरची सगळी फुलं खाऊन झाली होती.

सेप क्लिफर्डच्या दारात आला. टोपी काढली नाही. “तुझे मेलेले माझी मेंढरं बाहेर काढतायत.”

“माझे नाहीत. पुस्तकाचे आहेत.”

“तोंड तुझं छापलंय त्यांच्या बनियनवर.”

क्लिफर्ड दुसऱ्या दिवशी पावणेपाचला उठला, आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदाच उजाडेपर्यंत काय करायचं हा प्रश्न पडला नाही. त्यानं कागदावर फाटक काढलं.

“खुर्चीचं काय?” लॉर्नानं विचारलं.

“खुर्चीतून उठता येतं मला. वेळ लागतो, पण येतं.”

काम दोन दिवस चाललं. लॉर्नानं टिकाव धरला, सेपनं चुका काढल्या. खांबाचा दगड सरळ केला. फाटकाला साखळी, साखळीच्या टोकाला वजन, म्हणजे माणूस पुढे गेला की फाटक मागे आपलं आपणच लागतं. मेलेला असो, जिवंत असो, पुस्तकातला असो. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लिफर्डनं ते उघडलं, पार केलं आणि हात लोंबवून चालू लागला. दहा पावलं. मान वळली नाही. मागे धप्प आवाज आला, मग कडीचा.

“हलवून बघू?” लॉर्नानं विचारलं.

“बघ.”

मरायच्या पाच दिवसांच्या मजुरीत ओकच्या लाकडाचं एक फाटक, सात फूट साखळी, दोन बिजागऱ्या आणि एक कडी आली. वजनाचा दगड क्लिफर्डचा स्वतःचाच होता.